घाई कोणाची?
मालमोटारींच्या पाच चित्रपटांविषयी

मालमोटार हाकणाऱ्या माणसाच्या आयुष्यात नाट्य ते काय असणार, असे कोणी विचारले तर त्याला दोष देता येत नाही. राजे-राण्या, प्रियकर-प्रेयसी, फार तर पोलीस आणि चोर ह्यांच्या गोष्टी पाहण्याची आपल्या डोळ्यांना सवय आहे. लॉरी आपल्याला दिसते ती ओझरती. मागच्या फळीवरची कमळे आणि हॉर्न वाजवण्याची विनंती वाचून आपण पुढे निघून जातो. आत बसलेल्या माणसाचा चेहरा सहसा दिसत नाही, आणि तो पाहावा अशी इच्छाही होत नाही.

चित्रपटाच्या कॅमेऱ्याने मात्र तो चेहरा अनेकदा जवळून पाहिला आहे. अमेरिका, फ्रान्स आणि इंग्लंड येथल्या अशा पाच चित्रपटांचा विचार ह्या लेखात करावयाचा आहे. त्यांतला पहिला १९४० सालचा, शेवटचा २०१९ सालचा. एकात फळे आहेत, एकात सफरचंदे, एकात स्फोटके, एकात खडी आणि एकात घरपोच द्यावयाची पुडकी. माल निरनिराळा आहे, रस्ते निरनिराळे आहेत, पण गाडीतल्या माणसाच्या मानगुटीवर बसलेले भूत बहुतेक ठिकाणी एकच आहे. अमुक इतका माल अमुक इतक्या वेळात पोचलाच पाहिजे, असे कोणीतरी ठरवलेले असते. आणि ठरवणारा स्वतः त्या गाडीत कधी बसलेला नसतो.

ह्या चित्रपटांची पारख करताना मी एकच कसोटी हाती घेतली आहे. घाई कोणाची, ह्या प्रश्नाचे उत्तर दिग्दर्शक प्रामाणिकपणे देतो काय? ड्रायव्हर भरधाव जातो हे दाखवणे फारसे कठीण नाही. त्याचा पाय पेडलवर कोणी दाबून धरला आहे, हे दाखवणे कठीण. तेथेच चांगला चित्रपट आणि नुसता थरारक चित्रपट वेगळे होतात.

पहिला चित्रपट राउल वॉल्श ह्यांचा ‘दे ड्राइव्ह बाय नाइट’. ए. आय. बेझेरिडीस ह्यांच्या १९३८ सालच्या ‘लाँग हॉल’ ह्या कादंबरीवरून तो घेतला आहे. जो आणि पॉल फाब्रिनी हे दोघे भाऊ कॅलिफोर्नियात फळांची वाहतूक करतात. जॉर्ज राफ्ट आणि हंफ्री बोगार्ट हे दोन नामांकित नट ह्या भूमिकांत आहेत. गाडी भावांच्या स्वतःच्या मालकीची आहे. वरवर पाहता हे सुखाचे लक्षण. डोक्यावर मालक नाही, मुकादम नाही. पण गाडी हप्त्यांवर घेतलेली आहे, आणि हप्ता हा कोणत्याही मालकापेक्षा कडक असतो. मालक रागावतो आणि निवळतो. हप्त्याला ना राग, ना दया. त्याची तारीख तेवढी असते.

ह्या चित्रपटाचा पूर्वार्ध अजूनही ताजा वाटतो. रस्त्याकाठच्या खाणावळी, पैसे बुडवणारे दलाल, गाडी जप्त करावयास टपलेला सावकार, नवऱ्याची वाट पाहून कंटाळलेली पॉलची बायको, हे सारे चार-चार रेघांत उभे राहते. झोप हा ह्या पूर्वार्धाचा खरा खलनायक आहे. एक ओळखीचा ड्रायव्हर चालत्या गाडीत झोपी गेल्याचे ह्या भावांच्या ध्यानात येते. ते हॉर्न वाजवून त्याला जागे करू पाहतात, पण तो जागा होत नाही आणि त्यांच्या डोळ्यांदेखत मरतो. पुढे तोच प्रसंग त्यांच्यावर येतो. पॉलला डुलकी लागते, गाडी उलटते, आणि त्याचा एक हात जातो.

येथपर्यंत चित्रपट आपल्या प्रश्नाशी इमान राखतो. मग एकाएकी काय होते? जो एका वाहतूक कंपनीच्या कचेरीत नोकरीला लागतो, मालकाची बायको त्याच्यावर भाळते, नवऱ्याचा खून करते, आणि उरलेला चित्रपट खून, खटला आणि वेड ह्यांत संपून जातो. हा उत्तरार्ध त्याच कंपनीच्या १९३५ सालच्या ‘बॉर्डरटाउन’ ह्या चित्रपटातून उचललेला आहे. आयडा लुपिनोने त्या बाईची भूमिका इतकी ताकदीने केली आहे की प्रेक्षक लॉरी विसरतात. पण विसरतात हीच तर तक्रार आहे! पॉलचा हात कोणी घेतला, हा खटला चालायला हवा होता. त्याऐवजी गॅरेजमधल्या खुनाचा खटला चालला. चित्रपटकर्त्यांना आपल्या हातातल्या विषयाची भीती वाटली, असे म्हटले तर वावगे होऊ नये.

त्याच बेझेरिडीसच्या दुसऱ्या एका कादंबरीवरून जूल्स डॅसिन ह्यांनी १९४९ साली ‘थीव्ह्ज हायवे’ हा चित्रपट काढला. येथे घाईला एक नवे कारण मिळते, आणि ते आपल्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. माल नाशिवंत आहे. हंगामातली पहिली सफरचंदे जो सॅन फ्रान्सिस्कोच्या बाजारात आधी पोचवील त्याला भाव. देवगड-रत्नागिरीकडचा हापूस वाशीच्या बाजारात पहिल्यांदा उतरतो तेव्हा त्या पेटीला जो मान आणि जो भाव मिळतो, तो महिन्याभराने उतरलेल्या पेटीला मिळत नाही, हे कोकणात घर असलेला प्रत्येक जण जाणतो. घाईचा उगम येथे केवळ माणसाच्या दुष्टपणात नाही. फळाच्या सालीतही तो आहे.

डॅसिनची थोरवी अशी की एवढ्यावर तो थांबत नाही. फळ नासते हे खरे, पण नासण्याची भीती कोणाच्या पदरात टाकावयाची, हे बाजार ठरवतो. घाऊक बाजारातला अडत्या मायकेल फिग्लिया (हे काम ली जे. कॉब ह्यांनी केले आहे) ड्रायव्हरची गाडी आपल्या गाळ्यासमोर अडकवून ठेवतो. त्यासाठी टायर कापण्यापर्यंत त्याच्या माणसांची मजल जाते. गाडी हलली नाही की वेळ जातो, वेळ गेला की भाव पडतो, आणि पडलेल्या भावाने माल पुन्हा फिग्लियाच्याच घशात जातो. रात्रंदिवस न झोपता धावत आलेला निक तेथे मख्खासारखा उभा असतो. रस्त्यावर त्याने वाचवलेला प्रत्येक तास बाजारात कोणीतरी फुकट खाऊन टाकतो. घाई ड्रायव्हरने करावयाची आणि विलंब व्यापाऱ्याने वापरावयाचा, ही विभागणी इतक्या स्वच्छपणे मांडलेली मी अन्यत्र पाहिलेली नाही.

ह्याच चित्रपटात निकचा भागीदार एड हा मागून दुसरी, जुनी गाडी घेऊन येत असतो. उतारावर ती गाडी दगा देते, रस्ता सोडून कोसळते आणि पेटते. सफरचंदे डोंगराच्या उतारावरून घरंगळत राहतात. माणूस जळतो आहे आणि फळे खेळल्यासारखी टुणटुण उड्या मारीत खाली चालली आहेत, हे दृश्य एकदा पाहिले की विसरता येत नाही. पुढे ती सफरचंदेही गोळा करून विकावयास काढली जातात, आणि त्यातला फायदा कोणाचा हे सांगावयास नकोच. शेवट मात्र नेहमीचाच आहे: नायक फिग्लियाला बदडतो, पोलीस येतात, कायदा आपले काम करतो. फिग्लिया गेला, बाजार आहे तेथेच आहे, हे चित्रपट सांगत नाही.

तिसरा चित्रपट, आंरी-जॉर्ज क्लूझो ह्यांचा १९५३ सालचा ‘वेजेस ऑफ फिअर’, आमच्या विषयाला उलट बाजूने भिडतो. त्याच साली कान आणि बर्लिन ह्या दोन्ही महोत्सवांतले सर्वोच्च मान त्याला मिळाले. दक्षिण अमेरिकेतल्या एका भकास गावात अडकून पडलेले चार परदेशी, एका अमेरिकन तेल कंपनीच्या पेटलेल्या विहिरीपर्यंत नायट्रोग्लिसरीन पोचवण्याचे काम पत्करतात. मोबदला प्रत्येकी २,००० डॉलर. हे द्रव्य असे की गाडीला जरासा हिसका बसला तरी सारे संपले. म्हणून ह्या चित्रपटातल्या लॉऱ्या बहुतेक वेळ इंचाइंचाने चालतात, आणि पाहणाऱ्याच्या तोंडचे पाणी पळते ते त्या संथपणानेच.

ह्यात एक कडू विनोद दडला आहे. सावकाश जाण्याची मुभा ड्रायव्हरला मिळते ती माल जपण्यासाठी. माणूस जपण्यासाठी कोणी दिली असती, असे वाटत नाही. कंपनीने हे भटके निवडले त्याचे कारणही चित्रपटात उघड सांगितले आहे. त्यांना ना संघटना, ना पाठीमागे कुटुंब. उद्या मेले तर भरपाई मागावयास कोणी येणार नाही. पुढची गाडी उडते तेव्हा क्लूझो ती दाखवीत नाही. मागच्या गाडीत चार्ल्स व्हानेलचा जो सिगारेट वळत बसला आहे. कागदावरची तंबाखू एकाएकी उडून जाते, एवढेच दिसते. दोन माणसांच्या मरणाची बातमी चिमूटभर तंबाखूने दिली. आणि चारांतला एकटा जिवंत राहिलेला मारिओ, पैसे खिशात घालून रिकामी गाडी आनंदाने झुलवीत परतत असता दरीत जातो. माल उतरला आणि सावधपणाही उतरला. जपावे असे आता गाडीत काही उरले नव्हते. फक्त तो स्वतः होता.

आता ज्या चित्रपटासाठी हा लेख लिहावयास घेतला त्याच्याकडे वळू. साय एंडफील्ड ह्यांचा ‘हेल ड्रायव्हर्स’ हा इंग्रजी चित्रपट १९५७ साली निघाला. एंडफील्ड मूळचे अमेरिकन. कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून हॉलिवुडचे दरवाजे बंद झाले तेव्हा ते इंग्लंडला आले. डॅसिन ह्यांच्यावरही तोच प्रसंग आला आणि तेही युरोपला गेले. कामावरून काढून टाकले जाण्याची भीती काय असते, हे ह्या दोघांना पुस्तकातून शिकावे लागले नाही.

‘हेल ड्रायव्हर्स’ची गोष्ट थोडक्यात अशी. टॉम येटली (स्टॅन्ली बेकर) तुरुंगातून नुकताच सुटला आहे. आई त्याला दारात उभा करीत नाही, कारण धाकटा भाऊ त्याच्यापायी पांगळा झाला असे तिचे मत आहे. तो हॉलेट नावाच्या कंपनीत लॉरी चालवण्याची नोकरी धरतो. काम खडी वाहण्याचे. मजुरी खेपेवर. दिवसाला किमान १२ खेपा झाल्याच पाहिजेत. जो मागे पडेल त्याला रजा. मुख्य ड्रायव्हर रेड (पॅट्रिक मॅगूहन) ह्याच्या नावावर १८ खेपांचा विक्रम आहे, आणि तो मोडील त्याला रेडने एक सोन्याची सिगारेट-केस लावली आहे.

वाचकांनी क्षणभर कागद-पेन्सिल घ्यावी. इंग्लंडमध्ये १९३० च्या रस्ते-वाहतूक कायद्याने लॉरीच्या ड्रायव्हरला २४ तासांत ११ तासांहून अधिक गाडी चालवण्यास बंदी केली होती, आणि सलग साडेपाच तासांहून अधिक चालवणेही मना होते. म्हणजे हा चित्रपट निघाला तेव्हा तो कायदा पुस्तकात होता. अकरा तासांची मिनिटे झाली ६६०. त्यांत १२ खेपा बसवावयाच्या तर एका खेपेला ५५ मिनिटे मिळतात. ह्या ५५ मिनिटांत खाणीवर खडी भरून घेणे, जाणे, ओतणे आणि परत येणे आले. चहा, जेवण आणि टायरची हवा पाहणे त्याच हिशेबातून. १८ खेपा बसवावयाच्या तर ३७ मिनिटेही पुरी मिळत नाहीत. रस्ते अरुंद, वळणांचे, समोरून माणसे आणि मोटारी येणारच. कायद्याचे गणित आणि कंपनीचे गणित एकाच पाटीवर मावत नाही. मग एक पुसावे लागते, आणि कोणते पुसले जाते हे कोणत्याही धंद्यातल्या माणसाला विचारावे.

एंडफील्डने हे गणित व्याख्यान न देता दाखवले आहे, हे त्याचे मोठे यश. कोणी ड्रायव्हर मालकाविरुद्ध भाषण करीत नाही. उलट ते सगळे रेडच्या विक्रमाबद्दल बोलतात. सोन्याच्या केसची युक्ती येथे ध्यानात येते. मालकाला चाबूक उगारावा लागत नाही. रेडने ठेवलेल्या बक्षिसापुढे माणसे आपोआप एकमेकांना मागे टाकावयास धावतात. संध्याकाळी एकाच खाणावळीत बसून जेवणारी माणसे सकाळी रस्त्यावर एकमेकांची वाट अडवतात. नवा गडी दोन खेपांनी पुढे गेला तर जुन्या गड्याची भाकरी धोक्यात येते, म्हणून नव्याला छळावयाचे. त्या छळाला ते थट्टा म्हणतात. टॉमशी माणुसकीने वागतो तो एकटा जिनो, युद्धात कैदी होऊन आलेला आणि तेथेच राहिलेला इटालियन. हर्बर्ट लॉमने हा जिनो इतक्या हळुवारपणे केला आहे की त्याचे मरण पाहताना घसा दाटून येतो. दहा कठोर माणसांत एक मऊ माणूस असतो आणि बळी त्याचाच जातो, हे आपल्याकडच्या चाळीतही पाहावयास मिळते.

पुढे टॉमला कचेरीतल्या ल्यूसीकडून खरा प्रकार कळतो. व्यवस्थापक कार्टली जितक्या ड्रायव्हरांचे पगार मंजूर करून घेतो त्याहून कमी माणसे ठेवतो, त्यांना भरधाव पळवून सगळ्यांचे काम उरकतो, आणि उरलेला पगार तो व रेड वाटून घेतात. ह्या एका वाक्याने आतापर्यंतचा सारा धडाका उलगडतो. जी गर्दी, जी धूळ, जे अपघात आपण पाहिले ते कामावर नसलेल्या माणसांच्या वाट्याचे काम होते! विक्रम, मर्दुमकी, सोन्याची केस ही सारी मजुरीच्या चोरीवर घातलेली रंगीत झूल होती. लॉरीच्या चित्रपटांत मला हा क्षण सर्वांत मोलाचा वाटतो.

असे असूनही ‘हेल ड्रायव्हर्स’ला निर्दोष म्हणता येत नाही, आणि त्याचे दोन दोष लहान नाहीत.

पहिला दोष वेगाचा. ज्या वेगाचा चित्रपट धिक्कार करतो तोच वेग तो आपल्याला विकतो. कित्येक ठिकाणी पडद्यावरची धाव कृत्रिमपणे वाढवल्यासारखी दिसते. लॉऱ्या वळणावर अशा सुटतात की पाहणारा खुर्चीची कड धरतो आणि मनातून म्हणतो, ‘आणखी!’ आपणही नकळत रेडच्या बाजूचे होतो. आपल्यालाही १९ वी खेप झालेली पाहावयाची असते. ह्या मोहाला क्लूझो बळी पडला नाही. त्याने संथपणातूनच भीती निर्माण केली. एंडफील्डला ते धैर्य झाले नाही.

दुसरा दोष शेवटाचा. एंडफील्ड पत्त्यांच्या जादूत निष्णात होता. १९५५ साली त्याच्या पत्त्यांच्या खेळांवर पुस्तकही निघाले होते. ह्या चित्रपटाचा शेवट म्हणजे असाच एक हातचलाखीचा खेळ आहे. टॉमचा काटा काढावयास निघालेले रेड आणि कार्टली आपल्याच गाडीसकट खाणीच्या कड्यावरून खाली जातात, टॉम वाचतो, ल्यूसी त्याला मिळते. टाळ्या पडतात. पण हुकमाची राणी कोठे गेली? कार्टली हा तर केवळ व्यवस्थापक. हॉलेट कंपनीला आपली खडी इतक्या थोड्या माणसांत इतक्या झटपट कशी पोचते, हे कधीच दिसले नाही काय? खडी घेणाऱ्यांनी कधी विचारले नाही काय? दोन लुच्चे मेले आणि बाकी सगळे निर्दोष ठरले. सोमवारी सकाळी त्याच खाणीवर नवा व्यवस्थापक येईल आणि खेपा किती हव्यात ते सांगेल, ही शंका चित्रपटाने आपल्या मनात येऊच दिली नाही.

चित्रपट म्हटला की खलनायक हवाच, लोकांना हिशेबाची वही पाहावयास कोण बोलावणार, असे कोणी म्हणेल. आक्षेप खोटा नाही. योगायोग असा की त्याच १९५७ साली आपल्याकडे बी. आर. चोप्रांचा ‘नया दौर’ लागला. तेथेही मुदत आहे, शर्यत आहे, आणि जीवनने रंगवलेला मालकपुत्रही आहे. पण टांगा आणि बस ह्यांच्या त्या शर्यतीसाठी सारा गाव मिळून रस्ता बांधतो. मुदत माणसांना एकत्र आणते. ‘हेल ड्रायव्हर्स’मधली मुदत माणसांना फोडते. दोहोंत फरक एवढाच की दिलीपकुमारचा शंकर आपली मुदत स्वतः मागून घेतो, आणि टॉमला ती दारावर लावलेली सापडते. माणसाने स्वतः पत्करलेली घाई उत्साह देते. दुसऱ्याने लादलेली घाई त्याला झिजवते. तेव्हा खलनायक असण्याला माझी हरकत नाही. खलनायक मेल्याबरोबर हिशेबाची वही मिटते, ह्याला आहे.

ती वही उघडी ठेवण्याचे काम केन लोच ह्यांनी २०१९ साली ‘सॉरी वी मिस्ड यू’मध्ये केले. गाडी येथे लॉरी नसून व्हॅन आहे, आणि गाव न्यूकॅसल. रिकी टर्नर घरोघर पुडकी पोचवण्याचे काम घेतो. तो नोकर नाही, स्वतःचा मालक आहे, असे त्याला पहिल्याच दिवशी समजावून सांगण्यात येते. फाब्रिनी बंधूंची गोष्ट आठवावी! व्हॅनच्या अनामत रकमेसाठी बायकोची मोटार विकली जाते. ती घरोघर जाऊन वृद्ध आणि आजारी माणसांची शुश्रूषा करणारी. आता तिला बसची वाट पाहत हिंडावे लागते. रिकीच्या हाती एक यंत्र दिलेले आहे. कोणते पुडके कोठे, किती वाजता, हे ते सांगते. आणि गाडी सोडून दोन मिनिटे झाली की ते ओरडू लागते. लघवीला थांबावयास वेळ नाही म्हणून गाडीत एक रिकामी बाटली असते.

येथे रेड नाही आणि कड्यावरून पडणारे कोणी नाही. गोदामाचा व्यवस्थापक मलोनी उर्मट आहे, पण तोही आकड्यांचा चाकर आहे. त्याच्या गोदामाचे आकडे घसरले तर काम दुसरीकडे जाईल. घाई वरून खाली येते आणि कोठेही तिला थांबवणारा हात सापडत नाही. चित्रपटातला सर्वांत सुखाचा दिवस म्हणजे रिकीची लहान मुलगी लायझा त्याच्याबरोबर व्हॅनमधून फिरते तो. बाप-लेक पुडकी वाटतात, हसतात, मिळून खातात. दुसऱ्या दिवशी कळते की मुलीला बरोबर नेणे मंजूर नाही. गाडी माझी, धंदा माझा, मुलगी माझी, असे रिकी म्हणतो. पण स्वतःच्या मालकाला एवढीही मालकी नसते. पुढे तीच मुलगी व्हॅनची किल्ली लपवून ठेवते. किल्ली नाहीशी झाली तर घर पूर्वीसारखे होईल, असे त्या पोरीला वाटते. थीव्ह्ज हायवेच्या सफरचंदांइतकीच ही किल्ली माझ्या लक्षात राहिली आहे.

लोचचाही एक दोष आहे. संकटांची रास तो जरा जास्तच उंच रचतो. उत्तरार्धात मुलगा, पोलीस, चोर, मारहाण, दंड ह्यांची माळच लागते आणि पाहणारा बधिर होतो. पण शेवट त्याने चुकवलेला नाही. मार खाऊन, सुजलेल्या चेहऱ्याने, घरच्यांनी गाडीसमोर उभे राहून अडवले असताही रिकी कामावर निघून जातो. कोणी मेला नाही, कोणी जिंकला नाही. गाडी फक्त निघाली.

रिकीच्या त्या यंत्रावरून युरोपातल्या ड्रायव्हरांच्या खऱ्या इतिहासातली एक गोष्ट आठवते. ड्रायव्हरने किती तास गाडी हाकली, केव्हा विश्रांती घेतली, हे टिपून ठेवणारे टॅकोग्राफ नावाचे यंत्र लॉरीत बसवण्याचा नियम १९७० साली युरोपीय आर्थिक समुदायाने केला. ब्रिटनमधल्या ड्रायव्हरांनी त्याला ‘केबिनमधला हेर’ असे नाव ठेवले आणि कित्येक वर्षे विरोध केला. वास्तविक ते यंत्र ड्रायव्हरच्या झोपेचा साक्षीदार होते. मालकाने जास्त राबवले तर कागदावर उमटत होते. रिकीच्या हातातले यंत्रही वेळच मोजते, पण ते विश्रांती मोजत नाही, विलंब मोजते. दोन्ही घड्याळेच. एक माणसाच्या बाजूने साक्ष देते, दुसरे त्याच्या विरुद्ध. घड्याळ कोणाच्या बाजूने लावले आहे, हे पाहावयास ह्या पाच चित्रपटांनी मला शिकवले.

आपल्या देशातही १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाला ८ तास आणि आठवड्याला ४८ तास अशी मर्यादा घातली होती. लांब पल्ल्यासाठी परवानगीने ती १० आणि ५४ तासांपर्यंत नेता येत असे. कसारा घाट रात्री उतरणारा, टोमॅटोचे कॅरेट लादलेला ट्रक कोणत्या गणिताने धावतो हे पाहण्यासाठी परदेशी चित्रपटगृहात जावयास नको. त्या ट्रकमधल्या ड्रायव्हरची आणि क्लीनरची गोष्ट आपल्या पडद्यावर आणि आपल्या कथेत यावी, अशी माझी फार इच्छा आहे. ती लिहिणाऱ्याला एवढेच सांगणे आहे की अपघाताचा मोह टाळावा आणि खलनायकाला दरीत ढकलून मोकळे होऊ नये. खेप कितीची ठरली, कोणी ठरवली, आणि उरलेला पैसा कोठे गेला, एवढे नीट सांगितले तरी नाट्य आपोआप उभे राहील.

आणि एक प्रश्न ह्या पाचही चित्रपटांनी अर्धवट सोडला आहे. लोच त्याच्या सर्वांत जवळ गेला. पुडके घेणारा दार उघडतो, सही करतो, दार लावतो. त्याचा चेहरा क्षणभरच दिसतो. सण तोंडावर आले की आपणही तेच करतो. फराळाचे सामान, झेंडूची फुले, मुलांचे कपडे, आकाशकंदील आणि हा अंकसुद्धा कोणीतरी रात्र जागून आपल्यापर्यंत आणलेला असतो. आणि एक दिवस उशीर झाला तर तक्रार करणारे आपणच असतो. घाई कोणाची, ह्या प्रश्नाच्या उत्तरात मालक आहे, अडत्या आहे, हप्ता आहे, आकडा आहे. आणि यादीच्या शेवटी, बारीक अक्षरांत, आपलेही नाव आहे. ह्या विषयावरचा सहावा चित्रपट त्या दाराच्या आतून सुरू झाला, तर तो मी पहिल्या रांगेत बसून पाहीन.